दाराबाहेरून व्यायाम

इस्पितळासमोरचं लॉज दोघी जावा चालवायच्या. थोरली स्वयंपाकघर आणि चादरी सांभाळायची, धाकटी फोन आणि नोंदणी. उपचारांसाठी लांबून येणाऱ्या मुसलमान कुटुंबांना आपल्याकडे अवघडल्यासारखं होऊ नये, हे धाकटीने मनावर घेतलं. तिने हलाल मटण देणारा खाटीक गाठला, वेगळी भांडी घेतली, खोल्यांमध्ये नमाजाची दिशा दाखवणारे बाण लावले.

"प्रत्येकाच्या कलाने घेत बसलीस तर आपल्याला अंगणात झोपावं लागेल," थोरली म्हणायची.

अशात एक शिक्षिका आपल्या आईला घेऊन आली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, छान झालं. रोज व्यायाम केला नाही तर गुडघा आखडेल, अशी डॉक्टरांनी तंबी दिली आणि लॉजवर जायची परवानगी दिली. पण व्यायाम करून घेणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर. इस्पितळाने तिच्या जागी एक तरुण फिजिओथेरपिस्ट पाठवला. त्याला दारात बघताच आजींनी चादर घोट्यापर्यंत ओढली.

"परक्या पुरुषाला पाय दाखवणार नाही."

"अम्मी, आजारपणात सवलत आहे," लेक काकुळतीला आली.

"सवलत आहे, सक्ती नाही."

धाकटीने जंग जंग पछाडलं, पण बाई फिजिओथेरपिस्ट काही मिळेना. लेक जिन्यात बसून रडायला लागली. थोरली उशांचे अभ्रे घेऊन वर चालली होती, तिच्याशेजारी टेकली. गुडघ्यांचं दुखणं तिलाही चुकलं नव्हतं.

"यात रडण्यासारखं काय आहे? तो दाराबाहेरून सांगेल, मी आत करून घेईन. माझे हात काय परपुरुषाचे आहेत?"

"मावशी, असं ऐकून जमत नसतं," जिन्याखाली थांबलेला फिजिओथेरपिस्ट म्हणाला.

"मग शिकव की!"

त्याने धाकटीला बाकावर आडवं केलं आणि तिच्या धडधाकट पायावर थोरलीला सगळं शिकवलं. पाय कुठे धरायचा, किती वाकवायचा, कुठे थांबायचं. हात बसेपर्यंत त्याने तिला सोडलं नाही. मग दार लोटून तो बाहेर स्टुलावर बसला.

"टाच हळूहळू मागे सरकवा!"

"त्याला सांगा, पाय आहे माझा, दाराची कडी नाही!" आजी कळवळल्या. बाहेर तो खळखळून हसला.

काही दिवस बरे गेले. पण आजींचं विव्हळणं थोरलीला बघवेना. मग ती आणि आजी आपापल्या जावयांच्या गप्पा मारत बसायच्या आणि बाहेर त्याला ऐकू जावं म्हणून थोरली मधूनच "झालं, झालं!" असं ओरडायची.

एका सकाळी बाहेरून आवाज आला, "मावशी, आज कुणी ओरडत नाहीये. व्यायाम चाललाय की गप्पा?"

थोरलीचा चेहरा पडला. "चुकलंच रे माझं. गप्पाच मारत होतो," तिने दार किलकिलं करून सांगितलं. तो रागावला नाही. "आत्ता दया दाखवाल, तर त्या जन्मभर लंगडतील," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी थोरलीने पाय हवा तेवढा वाकवल्याशिवाय सोडला नाही. आजी संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी थोरली पलंगावर त्यांच्याशेजारीच पाय पसरून बसली. "एकदा तुम्ही, एकदा मी. बघू कोण जास्त ओरडतं."

थोरली जास्त ओरडली. "अगं बाई, तुमचा तर माझ्याहून वाईट आहे!" म्हणत आजींना हसू आवरेना.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला आणि खूश झाले. थोरलीने लॉजवर येताच धाकटीला बजावलं, "आठवड्यातून दोनदा तरी येईल अशी व्यायाम करून घेणारी बाई आधी ठरव. बाकीचं नंतर."

निघताना आजी काठी टेकत स्वतःच टॅक्सीपर्यंत चालल्या. "माझा धाकटा भाऊ व्यापाराच्या कामाला इकडे येणार आहे, बायकापोरांसकट. त्याला इथेच पाठवते."

"पाठवा की. पोरं अंथरुणात बसून खात नाहीत ना?"

"खातात."

"मग खालची, मोरीजवळची खोली देते. चादरी धुवायला बरी," थोरली म्हणाली आणि त्यांचा पाय अलगद उचलून टॅक्सीत ठेवला.