गार डबीतल्या चकत्या

माझी बायको गेल्याचं मला दोन तास उशिरा कळलं. मी एका डेअरीच्या शीतगृहात कॉम्प्रेसर उघडून बसलो होतो, आणि तिथल्या जाड भिंतींतून फोन लागत नाही. बाहेर आलो तर तिच्या लॅबच्या साहेबांचे नऊ मिस्ड कॉल. मला वाटलं, त्यांचा फ्रिज बंद पडला. फोन लावून आधी मीच विचारलं, "तापमान किती दाखवतंय?" साहेब म्हणाले, बाई काम करता करता खुर्चीतच कलंडल्या. हृदय बंद पडलं होतं.

भेटायला आलेल्यांनी तिचं खूप कौतुक केलं. प्रेमळ होती, कुणाला दुखावलं नाही, घर टापटीप ठेवायची. यातलं शेवटचं खरं नाही, घर मी आवरायचो. तिच्या कामाचा विषय कुणी काढला नाही, कारण ते काय होतं हे कुणाला माहीतच नव्हतं. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. मला जेवढं समजलं तेवढं लिहितो.

इस्पितळाच्या लॅबमध्ये बावीस वर्षं ती जिवाणू तपासत होती. पेशंटच्या रक्तातले जिवाणू काचेच्या बशीत वाढवायचे आणि त्यावर औषध मुरवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. तो गोल ती पट्टीने मोजायची. पट्टी कायम खिशात, बाजारात गेली तरी. लॅबमध्ये तिचं नावच पट्टीबाई पडलं होतं.

काही जिवाणू एक एन्झाइम तयार करतात आणि ते औषधाचे तुकडे पाडतं. म्हणून औषधाच्या जोडीला दुसरं एक द्रव्य देतात. ते जिवाणूला स्वतः फारसं काही करत नाही, फक्त त्या एन्झाइमला अडकवून ठेवतं. हे माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा ती म्हणाली, "अहो, माझे मामा आले की मी तुम्हाला त्यांच्यासमोर बसवते ना? ते तुमचं डोकं खातात, तोवर माझी कामं उरकतात. तुम्ही म्हणजे ते द्रव्य."

मी विचारलं, त्यात माझं काय होतं याचा कुणी विचार केलाय का.

"ते द्रव्यही त्यात संपतंच," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी ही जोडी त्यांच्याकडे अचानक चालेनाशी झाली. दोन महिन्यांत एकोणीस पेशंटचे जिवाणू त्या जोडीला दाद देईनात. डॉक्टरांच्या समितीने ठरवत आणलं, की जोडी इस्पितळाच्या यादीतून काढून टाकायची. मग उरत होतं ते औषध मूत्रपिंडाला जड. आणि नेमका तेव्हा वॉर्डात एक बसड्रायव्हर होता. रक्तात जिवाणू पसरलेले, मूत्रपिंडं आधीच अर्धी गेलेली. जोडी गेली तर त्याला ते जड औषध देण्यावाचून इलाज नव्हता. समितीची बैठक तीन दिवसांवर आली होती. ती ताटावर बसायची आणि न जेवता उठायची.

तिला एक गोष्ट खटकत होती. एन्झाइम नसलेल्या जिवाणूंवर नुसत्या औषधाच्या चकत्या ठीक चालत होत्या, घोटाळा फक्त जोडीच्या चकत्यांचा. मग तिने फ्रीजरमधून एक जुना जिवाणू काढला. वर्षानुवर्षं तो या जोडीला हमखास बळी पडत आला होता. त्याच्या बशीतही चकतीभोवती गोल उमटला नाही. त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "ओळखीचा चोरही निसटला. म्हणजे चोर हुशार झालेले नाहीत, आपलेच पोलीस ढिले पडलेत."

फ्रिज तपासायला तिने मला बोलावलं. चार अंश तापमान, दाराचं रबर घट्ट, कुठे खोट नव्हती. मी तसं सांगितल्यावर म्हणाली, की मग आता नुसतं बसा आणि बघा, गिऱ्हाइकाच्या घरी फ्रिज कोण कसा वापरतं ते बघता तसं.

मी स्टुलावर दोन तास बसलो. चकत्या ठेवायचं काम तिथल्या एक जुन्या तंत्रज्ञ बाई करायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत. हात इतका नेटका की बघत राहावं. ताई फ्रिजमधून चकत्यांची डबी काढत, लगेच उघडत, चकती ठेवत आणि डबी परत आत. पुढची बशी आली की पुन्हा तेच. दोन तासांत अकरा वेळा. चकत्या ताज्या राहाव्यात म्हणून एवढी धडपड. पण गार वस्तू उबदार हवेत उघडली की तिच्यावर पाणी धरतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी कळतं.

मी हळूच बायकोला सांगितलं. तिने लगेच उलगडून सांगितलं. नुसत्या औषधाला तेवढा ओलावा सोसतो, जोडीतल्या दुसऱ्या द्रव्याला मुळीच सोसत नाही. डबी बंद ठेवूनच तासभर बाहेर काढायची आणि मग उघडायची, असा नियम, तो तिने ताईंना सांगितला. ताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "बाई, चकत्या बाहेर राहू देऊ नका, असं तुम्हीच म्हणाला होतात."

खरं होतं. त्याच्या दोन-अडीच महिने आधी, उन्हाळ्यात एसी बिघडला तेव्हा तिनेच तसं सांगितलं होतं. उघडण्याआधी थांबायचं हे सांगितलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीतच असतं असं तिला वाटलं.

तिने नवी डबी काढली, घड्याळ लावून तासभर थांबली आणि ड्रायव्हरचा जिवाणू पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिचा फोन आला. "एकवीस," एवढंच म्हणाली. एकवीस मिलीमीटरचा गोल होता.

बैठकीत काय झालं ते तिने मला कधी सांगितलं नाही, ते ताईंकडून कळलं. ती बारा डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दोन महिन्यांचे निकाल चुकले, ती चूक माझी. ताईंनी माझं ऐकलं, एवढाच त्यांचा दोष." कुणीतरी टोमणा मारला, की पट्टीबाईंची पट्टीही चुकते म्हणायची. ती हो म्हणाली आणि नवे आकडे वाचायला लागली. वीस वर्षं नाव कमावलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे. मला जमलं नसतं.

जोडी यादीत राहिली. ड्रायव्हरला ती त्याच दिवशी सुरू केली, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि तो आपल्या पायांनी घरी गेला.

एकोणीसच्या एकोणीस जिवाणू तिने पुन्हा तपासले. सतरा वठणीवर आले, दोन खरंच आले नाहीत. त्यांचं एन्झाइम वेगळ्या घडणीचं होतं, हे द्रव्य त्याला अडकवूच शकत नव्हतं. ती नव्या जोड्या मागवून लावत राहिली. आठ महिन्यांनी दोनपैकी एकाची जोडी सापडली. दुसऱ्यावर तिने सहा लावून पाहिल्या. ती गेली तेव्हा सहाव्या जोडीची बशी तिच्यासमोर होती. साहेब म्हणाले, त्या बशीतही गोल नव्हता आणि तशी नोंद तिने करून ठेवली होती.

सातवी जोडी अजून कुणी लावलेली नाही.