बारा इंचांचा पीळ

पूर्व मोंटानातल्या त्या गावात रायफलीवरून कुणाचं घोडं अडलं की तो व्हर्लिन स्टोकेकडे यायचा. नळी कुठली घ्यावी, गोळी किती जड घ्यावी, दुर्बीण कशी बसवावी, हे सगळं व्हर्लिन विचारलं तर सांगायचाच आणि नाही विचारलं तर जास्तच सांगायचा. असा हा पंडित, पण त्या सप्टेंबरात स्वतःच्या बायकोसाठी रायफल घ्यायला मेरिटच्या दुकानात गेला आणि तासभर दोन रायफली उचलत-ठेवत बसला.

त्याच्या बायकोला, आर्डिसला, कंपवात होता. उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता, आणि खांदा असा झिजला होता की जुन्या मोठ्या रायफलीचा धक्का तिला सोसवेना. पण बाई शाळकरी पोर असल्यापासून दर हिवाळ्याच्या तोंडाला एक हरीण मारत आलेली, स्वतः कापत आलेली. तिनं नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं.

"यंदाचं शेवटचं. एकच हरीण, एकाच गोळीत, उभं असेल तिथंच पडलं पाहिजे. मग मी सुखानं रायफल खाली ठेवीन. जखमी करून पळवायचं असेल, तर मला नेऊच नकोस."

म्हणून छोट्या गोळीची, धक्का न देणारी रायफल हवी होती. मेरिटकडे एकाच कंपनीच्या दोन होत्या, दोन्ही स्वस्तातल्या. फरक नळीच्या पिळाचा. नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्यातून जाताना गोळी भोवऱ्यासारखी गरगरते, आणि गरगरते म्हणूनच सरळ जाते. एका नळीत आठ इंचांत पूर्ण फेरा होता, दुसरीत बारा इंचांत. गोळी जितकी लांब, तितका तिला घट्ट पीळ लागतो.

"आठची घे, बाबा," मेरिट म्हणाला. "बारावाली कोल्ह्यांसाठी. आखूड गोळी झकास उडते तिच्यातून, पण ती हरणाच्या कातड्यावरच फुटून जायची. आणि हरणाची लांब तांब्याची गोळी घालशील, तर फिरकी पुरायची नाही."

"पुरते. काठावर आहे, पण पुरते."

"काठावर! दुसरा कुणी असं म्हणाला असता तर त्याला इथंच सोलला असतास तू."

"तू नको शिकवूस मला. ही आठवाली उचलून बघ, जाड नळीची. पहार आहे नुसती! आर्डिसला पेलेल का?"

"बारावाली हलकी आहे, खरंय. आणि स्वस्तही आहे, नाही का रे चिकटोबा?"

व्हर्लिनला झोंबलं, कारण तेही खरंच होतं. त्यानं बारावाली घेतली.

तसा तो आंधळेपणानं वागला नाही, हे सांगायलाच हवं. ऐन उन्हात, अंगातून घामाच्या धारा निघत असताना, त्यानं खडीच्या खाणीत कागद लावून त्याच लांब गोळ्या झाडल्या. भोकं गोल, एकमेकांना खेटून. मग आर्डिस बसली. नळी तिकाटण्यावर ठेवली, थरथर जरा थांबेपर्यंत वाट बघितली आणि हलकेच घोडा दाबला. गोळी मधोमध. "हात ऐकतो की माझं अजून!" म्हणून ती इतकी हसली की व्हर्लिनचे डोळे भरून आले. घरी आल्याआल्या त्यानं मेरिटला फोन करून चांगला पाऊण तास ऐकवलं.

नोव्हेंबरात थंडी पडली, आणि कशी! श्वास मफलरवर गोठत होता. थंडीत हवा दाट होते, आणि जी गोळी उन्हाळ्यात काठावर तगते ती दाट हवेत कोलमडते. व्हर्लिनला हे ठाऊक नव्हतं? होतं. दहाजणांना सांगितलं असेल त्यानं. पण शिकारीला निघाले त्या सकाळी त्याच्या डोक्यात आर्डिसचे हातमोजे, आर्डिसची कॉफी, आर्डिसचे गुडघे, एवढंच होतं.

हरीण घळीच्या तोंडाशी आडवं उभं राहिलं, भरल्या शिंगांचं. आर्डिस स्टुलावर बसली होती. तिनं वाट बघितली, हाताची थरथर निवल्यावर घोडा दाबला. हरणानं पाठीची कमान केली आणि मागचा पाय ओढत ते घळीत उतरलं. बर्फावर रक्त थोडं, आणि पोटातला हिरवट चोथा. म्हणजे गोळी छातीत नाही, पोटात लागली होती.

दोघं माग काढत निघाले. आर्डिसचे पाय थकले तेव्हा तिला ट्रकमध्ये बसवून तो एकटा पुढे गेला. वारा सुटला, पावलांचे ठसे बुजले, आणि पुढच्या तुटक्या टेकड्यांमध्ये सगळंच संपलं. तो हात हलवत परतला, तर आर्डिसनं परवान्याच्या चिठ्ठीवर, हरीण हाती आल्यावरच कापायची असते ती, तारखेची खाच कापून ठेवलेली. तिच्या माहेरची रीत होती ती. घायाळ होऊन हरवलं तरी हरीण आपल्याच नावावर, दुसरं मारायचं नाही.

"अगं, कशाला कापलीस? मोसम आहे अजून!"

"संपला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तसल्याच थंडीत व्हर्लिन खाणीत गेला. कागदावर गोल भोक पडलंच नाही. लांबट चीर पडली, गोळी आडवी होऊन गेल्याची. त्यानं डोक्याला हात लावला. मग कागद फाडून घेतला आणि धापा टाकत घरी आला.

"आर्डिस, हे बघ! गोळी आडवी गेली. तुझा हात नव्हता गं. माझी निवड चुकली. मेरिट सांगत होता, मी ऐकलं नाही. गाढव आहे मी!"

आर्डिसनं चीर नीट बघितली. "हे करायला किती गोळ्या घातल्यास रे? की खिळ्यानं फाडलंस?"

"देवाशप्पथ खरं सांगतोय!"

"दुखणं वाढलं नाही, असं डॉक्टर म्हणाले, हेही तू शपथेवर सांगितलंस. मी विचारलं त्यांना नंतर."

"मेरिटला विचार," व्हर्लिन म्हणाला.

"मेरिट तुझाच दोस्त."

"मग चल माझ्याबरोबर. स्वतः झाड, स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"मी रायफलीला हात लावणार नाही. ते बिचारं फाटलं पोट घेऊन कुठंतरी पडलं असेल, आणि ते माझ्या हातानं झालंय." तिनं तो हात मांडीखाली दाबून धरला. "तू चांगला आहेस रे, व्हर्लिन. म्हणून तर आता तुझं काही खरं मानता येत नाही."

त्यानं कागद पुन्हा तिच्यापुढं धरला. ती खिडकीबाहेर बघत राहिली.