पेटीतला काळा भात

मित्रांनो, मी भाताची एक जुनी लाकडी पेटी आहे. पण माझ्यातला भात कधी कुणी खाल्ला नाही. तो मातीसाठी असायचा.

कोरियातल्या आमच्या डोंगराळ गावात ग्वीसुन आजीच्या नवऱ्याने मला देवदाराच्या फळ्यांपासून बनवलं, एकही खिळा न मारता. दर वसंतात आजी जरा कोरडाच भात शिजवून माझ्यात सैलसर भरायची, वर कागद बांधायची आणि डोंगरावरच्या बांबूच्या बनात मला पालापाचोळ्याखाली ठेवून यायची. चार-पाच दिवसांत रानातले न दिसणारे जीव भातावर वस्तीला येत. पांढरीशुभ्र लव उगवली की आजी तो भात तांबड्या साखरेत मुरवायची, मग कोंड्यात मिसळून मिरचीच्या शेतात पसरायची. माती कशी भुसभुशीत व्हायची! आजी मला थोपटून म्हणायची, गुणाची गं माझी पेटी.

मग आजोबा गेले. आजीचे गुडघे धरले. मुलाने पोत्यांतलं रासायनिक खत आणलं आणि मी कित्येक पावसाळे परसात उघडी पडून राहिले. माझा एक सांधा सुटला, तो कुणाच्या लक्षातही आला नाही. इकडे माती दगडासारखी झाली, मिरची मरू लागली. मुलगा म्हणाला, शेत सोलरवाल्यांना देऊन टाकू. आजीने एका हंगामाची मुदत मागून घेतली आणि मला शोधून काढलं.

या वेळी बनात मला ठेवून आली ती सून, यंजू. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. सुटलेल्या सांध्यातून पाणी आत शिरलं. यंजूने कागद सोडला तेव्हा भात काळा पडला होता.

आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि वास येणं तर मागच्या तापातच गेलेलं.

"रंग कसा आला गं, पोरी?"

शेताच्या काळजीने आजी चार दिवस धड जेवली नव्हती. यंजूला धीर झाला नाही.

"पांढरा आहे, आई. अगदी कापसासारखा."

आजीने भात चाचपला. बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. मग म्हणाली, "छान झालं."

मला तोंड असतं तर!

तोच भात शेतात गेला. माती तशीच घट्ट राहिली. पावसाळ्यात सऱ्यांत पाणी तुंबलं आणि मिरचीची मुळं कुजली. चांगल्या भाताने ती वाचली असती का, कोण जाणे. आता ते कधीच कळायचं नाही.

शेतात सोलरचे खांब रोवायला माणसं आली, त्या दिवशी यंजू आजीजवळ बसून रडली. "आई, तो काळा होता."

"ठाऊक होतं मला," आजी म्हणाली. "बोटांना चिकट लागला होता. पण तू इतक्या मायेने सांगितलंस, मलाही तेच खरं मानावंसं वाटलं."

मित्रांनो, आम्हा पेट्यांना पावसात टाकू नका. आणि भात काळा पडला तर घाबरू नका, तसं सांगून मोकळे व्हा. तो फेकायचा, पेटी धुऊन उन्हात वाळवायची, पुन्हा भात शिजवायचा. पाच दिवस जास्त लागतात, एवढंच.

तो काळा भात शेतात पसरला, तेव्हा रोपं लावायला अजून आठवडा होता.