कॅल्शियमची बाटली

न विचारता सल्ला द्यायची मला खोड आहे. उमाकांत, म्हणजे आमचे हे, विमा कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, "शालिनी, आता तू दवाखानाच उघड." त्यांनी चेष्टा केली होती, मला ती शाबासकी वाटली. बदल्यांमध्ये आमचं आयुष्य गेलं आणि शेवटी जयपूरला वैशाली नगरात फ्लॅट घेऊन राहिलो. इथे मराठी मंडळी थोडी. कुणाच्या मुलाचा खोकला असो की कुणाची कंबर धरलेली असो, फोन मला यायचा. ओवा, सुंठ, गुडघ्याचं तेल, तापाच्या गोळ्या, सगळं माझ्या कपाटात तयार. त्या कपाटाचा मला भारी तोरा होता.

त्याच कपाटात वरच्या फळीवर कॅल्शियमची एक पांढरी बाटली होती. तिच्यात कॅल्शियम नव्हतं. आई गेली त्या वर्षी मला काही सुचेनासं झालं होतं. अंथरुणातून उठावंसं वाटेना, भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. उमाकांत मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि दीड-दोन महिन्यांत मी माणसात आले. खरं तेच सांगते, त्या गोळीने मला उभं केलं. पण हे चार घरांत कळलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. म्हणून मी गोळ्या पाकिटातून सोडवून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरायची. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं होतं. दोनदा गेले, मग कंटाळा केला. कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीचा होता. जुनीच चिठ्ठी दाखवली की तो न बघता पाकिटं पुढे ठेवायचा.

गौतमी आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली ती गेल्या वर्षी मार्चमध्ये. मूळची मिरजेची. नवरा स्वप्नील बँकेत, शाखा तपासायला महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. मुलगी अवनी सात वर्षांची, मराठी आणि हिंदीची खिचडी करून बोलणारी. गौतमी पहिल्याच आठवड्यात वाटीभर मेतकूट मागायला खाली आली आणि दोन तास बसली. मला लेक नाही. ती उणीव त्या दोन तासांत भरून निघाली असं मला वाटलं.

ती किस्से फार छान सांगायची. एकदा म्हणाली, "कॉलेजात असताना काय झालं होतं काय की, काकू! तीन आठवडे नीट झोपलेच नाही, आणि दमायचं म्हणून नाव नाही. पहाटे उठून घरातल्या सगळ्या भिंती एकटीनं रंगवल्या. रंग उरला तर शेजाऱ्यांच्या कुंपणालापण लावून आले! बाबांनी शेवटी ब्रश लपवून ठेवले बघा."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी म्हटलं, "आमच्याही दोन खोल्या रंगवायच्यात, येतेस का?" एवढं बोलून मी चहा टाकायला उठले.

जूनमध्ये ती विझत गेली. केस विंचरलेले नाहीत, अवनीच्या डब्यात रोज बिस्किटं, जिन्यात भेटली तरी नजर खाली. एके दिवशी सकाळी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि रडायलाच लागली. कशाचंच काही वाटत नाही, म्हणाली. मी डॉक्टरांचं नाव काढलं मात्र, तिने माझा हात घट्ट धरला. "नको काकू. मनाच्या डॉक्टरकडे गेले तर सासरी कळेल. मग जन्मभर वेडी म्हणतील मला."

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, की अगं, मीही गेले होते. तिने डोळे पुसले असते आणि माझ्याबरोबर दवाखान्यात आली असती, याची मला खात्री आहे. पण माझी जीभ रेटली नाही. मी उठले, कपाट उघडलं आणि बाटलीतल्या तीस गोळ्या मोजून दुसऱ्या तसल्याच रिकाम्या बाटलीत घातल्या.

"हे घे," मी म्हटलं. "कॅल्शियम आहे, ताकदीचंही असतं त्यात. रोज सकाळी खाऊन झाल्यावर एक."

तिने बाटली हातात फिरवून बघितली. "यात दुसरं काही नाही ना, काकू?"

"मी देईन का गं तुला काही भलतंसलतं?"

पहिल्या आठवड्यात तिला मळमळायला लागलं, हातापायांत अस्वस्थ वाटायला लागलं. मला सुरुवातीला अगदी तसंच झालं होतं, त्यामुळे मी निर्धास्त. "उष्ण पडतंय, ताक पी, आठ दिवसांत बसेल," असं सांगून मी मोकळी झाले. आणि खरंच बसलं. तिसऱ्या आठवड्यात ती हसली. पाचव्या आठवड्यात जिन्यातून गाणं म्हणत खाली यायला लागली. महिना संपला की मी बाटली भरून द्यायची. स्वप्नील दौऱ्यावरून परतला तो मिठाई घेऊन थेट आमच्याकडे आला. म्हणाला, "काकू, तुमच्या हाताला गुण आहे." मी फुलून गेले. उमाकांतना वाटलं, मी तिला खरंच कॅल्शियम दिलंय. मीही त्यांना काही सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची तयारी सुरू झाली आणि गौतमीने सगळंच अंगावर घेतलं. सजावट तिची, मुलांचं नाटक तिचं, प्रसाद तिचा. दिवसाला तिचे पन्नास-साठ निरोप माझ्या फोनवर. बोलायला लागली की शब्दावर शब्द पडायचे, मध्ये कुणी बोललं की चिडायची. मंडळात सगळे म्हणायचे, कमाल आहे पोरीची. एकदा सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर ही बाई तळमजल्यापासून गच्चीपर्यंतचा जिना साबणाने घासून धूत होती. ओलीचिंब, डोळे चमकत होते. मला ते रंगवलेलं कुंपण आठवलं. आठवलं आणि मी हसले. या हसण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने अवनीला शाळेतून मधूनच उचललं आणि दीडशे किलोमीटरवरच्या पुष्करहून गुलाब आणायला स्कूटरवरून अजमेर रस्त्याला लागली. कुणाला सांगितलं नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. बगरूच्या पुढे स्कूटर घसरली. गौतमीला खरचटण्यावर निभावलं. अवनीचा उजवा कोपर दोन ठिकाणी मोडला.

मी आणि स्वप्नील हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पोरगी प्लास्टरमध्ये कण्हत होती आणि तिची आई नर्सला नाटकातले संवाद म्हणून दाखवत होती, हसत होती, थांबतच नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी स्वप्नीलला विचारलं, हिला कुठलं औषध चालू होतं का?

"नाही. ह्या काकू कॅल्शियम देतात, तेवढंच."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हां जी, कॅल्शियम."

का म्हटलं? अब्रू, दुसरं काय. हॉस्पिटलात मंडळातले चौघे जण उभे होते, एवढंच कारण. डॉक्टरीणबाईंनी झोपेसाठी आणि शांत वाटण्यासाठी औषध लिहून दिलं आणि पाच दिवसांनी परत आणायला सांगितलं. घरी आल्यावर मी स्वतःला समजावलं की आता ती डॉक्टरांच्या हाती आहे, आपण बोलून काय होणार. चार दिवस मी वरच्या मजल्यावर फिरकले नाही. छतावर तिच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या, थांबायच्याच नाहीत. मी टीव्हीचा आवाज वाढवायची.

पाचव्या दिवशी सकाळी धीर करून वर गेले. दार उघडंच होतं. स्वप्नील, दाढी वाढलेला, एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात माझी पांढरी बाटली घेऊन उभा होता. मला बघून म्हणाला, "झोप नाही, खाणं नाही हिचं. निदान अशक्तपणा तरी येऊ नये. कॅल्शियमचा एकही दिवस चुकवला नाही मी, काकू."

मी त्याच्या हातातून बाटली हिसकावली आणि काय ते एका दमात सांगून टाकलं. त्याला आधी कळलंच नाही. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मग तो तिथेच फरशीवर बसला.

त्याच दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आंटीजी, आप डॉक्टर हैं क्या?" आवाज चढवला नाही. मग हळूहळू समजावून सांगितलं. ही गोळी वाईट नाही, हजारो लोकांना हिने बरं वाटतं. पण काहींचं मन एरवीही कधी फार खाली जातं आणि कधी फार वर. अशा माणसाला ही गोळी एकटी दिली तर ती त्याला वर फेकू शकते. म्हणून सुरू करण्याआधी आम्ही विचारतो, की पूर्वी कधी झोप नसूनही दमायला झालं नाही, असे दिवस आले होते का, घरात कुणाला असं झालंय का. दोन मिनिटांचा प्रश्न असतो. "तिने तुम्हाला असं कधी काही सांगितलं होतं?"

मी कुंपणाची गोष्ट सांगितली. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला.

मी दिलेली गोळी बंद झाली, तिला दुसरं औषध सुरू झालं. गौतमीचं मन वरून खाली यायला काही आठवडे लागले, मग काही दिवस पार तळाशी गेलं, मग कुठे ती सावरली. सावरल्यावर तिला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे अवनीचा हात पूर्वीसारखा सरळ होणार नाही. दुसरी म्हणजे बाटलीत काय होतं ते. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. दिवाळीच्या आत ते लोक शहराच्या दुसऱ्या टोकाला, जगतपुऱ्याला राहायला गेले.

मी तरी शहाणी झाले असेन? स्वतःवरच्या रागाच्या भरात माझीही बाटली कचऱ्यात रिकामी केली आणि माझी गोळी एका दिवसात बंद करून टाकली. चौथ्या दिवशी डोकं गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. रडू तर थांबेना. तेव्हा कुठे उमाकांतना सगळं सांगितलं आणि त्यांनी मला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी या वेळी मात्र चांगलं खडसावलं. सुरू आम्ही करतो तशी बंदही आम्हीच करायची असते, हळूहळू, म्हणाल्या. आता माझी गोळी तिच्या पाकिटातच असते, स्वयंपाकघरात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

संक्रांतीला मी तिळाच्या वड्या केल्या आणि फोन करून जगतपुऱ्याला गेले. तिकडे सगळं आकाश पतंगांनी भरलेलं, प्रत्येक गच्चीवर गाणी लावलेली, आरोळ्या चाललेल्या. दार गौतमीने उघडलं. नव्या औषधाने थोडी जाड झाली होती, बोटं जराशी थरथरत होती. पण केस नीट विंचरलेले, कपाळाला टिकली. "या काकू," म्हणाली. अवनी बाल्कनीत मांज्याची चकरी डाव्या हाताने धरून उभी होती. मला बघून ओरडली, "आजी, मम्मी मतलब एकदम बरी आहे आता!" तिचा उजवा हात कोपरात वाकलेलाच होता.

टेबलावर फिणीची, इकडच्या संक्रांतीच्या गोडाची, ताटली होती. गौतमीने त्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला आणि ताटली माझ्याकडे सरकवली. "समोरच्या शर्माआंटींनी पाठवलीय, घ्या की." मी घेतली. मग मी माझा डबा उघडला. तिने त्यातली एक वडी उचलली. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

वडी तिने तोंडात घातली नाही. हातात फिरवून बघितली.

"काकू, यात काय काय आहे?"

टोमणा नव्हता. राग नव्हता. अगदी हळू, जपून विचारलं होतं.

"तीळ," मी म्हटलं. "गूळ. दाण्याचं कूट. वेलदोडा. ताटाला लावायला चमचाभर तूप."

तिने एकेक नाव ऐकून घेतलं. "दुसरं काही नाही ना?"

जूनमधला तोच प्रश्न होता. तेव्हा मी तिच्यावर हसून डाफरले होते. या वेळी मी फक्त "नाही" म्हटलं, आणि माझ्या त्या 'नाही'ला काही किंमत उरलेली नाही हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"अवनीचे बाबा आले की खाते," ती म्हणाली.

मी डब्यातली एक वडी उचलली आणि तिच्यासमोर खाल्ली. पूर्ण खाल्ली. गौतमी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातली वडी तिच्या हातातच होती.