दोन मिनिटांचा सोबा

"दोन मिनिटांत माणसाच्या पायात जोडे चढत नाहीत, आणि तुम्ही सोबा खायला घालणार?" रेल्वेकडून तपासणीला आलेल्या कुवाबारा साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून फळीवर ठेवलं.

"जोड्यांचं मला काय ठाऊक, साहेब? मी शेवया उकडते," फुमिए म्हणाली.

किरितानी स्टेशनच्या फलाटावर तिची सोबाची, म्हणजे सारातल्या शेवयांची, टपरी एकोणतीस वर्षं होती. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला सकाळची गाडी इथे सहा मिनिटं थांबायची, तेवढ्यात उतारू उभ्याउभ्या वाडगं संपवायचे. नव्या वेळापत्रकात थांबा दोन मिनिटांवर आला आणि टपरी हलवण्याचा हुकूम सुटला. स्टेशनमास्तर होसाकांनी गयावया करून एका सकाळची संधी मिळवली होती.

"एक जरी उतारू मागे राहिला, तर टपरी गेली," साहेबांनी बजावलं. ते याच गाडीनं परतणार होते.

होसाकांनी सार चाखलं आणि त्यांचा चेहरा पडला. "काकी, हे कोमट आहे! नाक कापाल माझं."

"तुमचं नाक सांभाळा, शिट्टी वेळेवर मारा. माझ्यासाठी क्षणभरही थांबायचं नाही."

बोगद्यात गाडीचा भोंगा झाला आणि तिनं शेवया उकळत्या पाण्यात सोडल्या. किती उतारू खाणार ते सांगायला गार्डानं खिडकीतून दहा बोटं दाखवली, मग एक. गाडी थांबली तेव्हा अकरा वाडगी फळीवर तयार होती, आणि साहेबांसाठी बारावं.

आणि कुणी फुंकलं नाही! कढत साराला फुंकण्यातच मिनिट जातं, हे तिनं रात्रंदिवस डोकं खाजवून शोधलं होतं. फलाटावर नुसते भुरके ऐकू येत होते. साहेबांनीही आपलं वाडगं रिचवलं, ओठ पुसले आणि ते पुन्हा भरून घ्यायला पुढे केलं.

होसाकांनी ठरल्या क्षणाला शिट्टी मारली. अकराही उतारू आत होते. गाडी हलली.

साहेब अर्धं वाडगं हातात धरून फलाटावरच होते.

होसाकांना घाम फुटला. तरी फुमिए सरळ म्हणाली, "एक उतारू मागे राहिला, साहेब."

साहेबांनी गेलेल्या गाडीकडे पाहिलं, मग वाडग्याकडे.

"मी उतारू नाही, तपासनीस आहे," ते म्हणाले. "टपरी राहील."

फुमिएच्या छातीत आनंद मावेना. तिनं दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि खळखळतं सार त्यांच्या वाडग्यात काठोकाठ ओतलं.

"पुढची गाडी दोन तासांनी. आता कढत घ्या."

साहेबांनी घड्याळ उचलून खिशात घातलं आणि सावकाश फुंकर मारली.