वजन नसलेली दुलई

माझ्याकडे असं बघू नका. मी दुलईच आहे. मला उचलल्यावर हातात काहीच आलं नाही असं वाटतं, हे मला ठाऊक आहे. ज्याने ज्याने मला उचललं, त्याने आधी माझ्याकडे आणि मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. माणसांची बोटं माझ्यावरून फिरू लागली की मला कळतं, ही मला कुरवाळत नाहीत, माझ्यात काय लपवलंय ते शोधताहेत.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझ्या पोटात ना कापूस, ना पिसं. यंत्रावर तयार झालेल्या कृत्रिम तंतूंची पांढरी, फुगीर पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंनी कांद्याच्या सालीसारखं पातळ कापड. शिवणाऱ्या बाईने मला उचलून शेजारणीला विचारलं, "अगं, हिच्यात भरायचं राहिलं तर नाही ना?"

शेजारीण म्हणाली, "भरलंय गं. डोंगर चढणारी माणसं घेतात ही. पाठीवर घर घेऊन निघतात आणि मग घराचं वजन होतं म्हणून कुरकुरतात."

दोघी हसल्या. माझ्यावर घेतलेला तो पहिला संशय.

तिथून मी एका दुकानात आले. तंबू, काठ्या, सॅक असलं डोंगरवाटांचं सामान विकणारं दुकान होतं ते. दुकानदाराने मला पिशवीत न कोंबता सैल टांगून ठेवलं, एवढं एक चांगलं केलं. माझ्या शेजारी पिसांची दुलई होती. ती माझ्याहून हलकी, घडी माझ्याहून लहान. तिला त्याचा भारी तोरा. ओलाव्याचं नाव काढलं की मात्र गप्प बसायची.

एक दिवस माझी मालकीण आली. चाळिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. एकदा आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, पुन्हा तपासायचं, ही तिची कामाची सवय. ती तिने दुकानातही आणली होती.

"ही पाठीमागून उघडी आहे," ती म्हणाली. "अर्धीच शिवलीय आणि पूर्ण म्हणून विकताय?"

"ताई, अंगाखाली दबलेला भराव ऊब देत नाही," दुकानदार म्हणाला. "म्हणून खालचा भाग ठेवतच नाहीत. खाली तुमची चटई. ही त्या चटईला या पट्ट्यांनी बांधायची. पायाकडे बघा, पिशवीसारखी बंद आहे."

"आणि कूस बदलली की वारा आत येणार."

"झोपून बघा."

त्याला वाटलं ती लाजेल. तिने चपला काढल्या, दुकानाच्या मधोमध चटई टाकली आणि मला पांघरून सरळ आडवी झाली. या कुशीवर, त्या कुशीवर. गुडघे पोटाशी घेऊन. मान वळवून कडेला हात घालून बघितला. एक गिऱ्हाईक दारातच थबकलं.

"ही पिसांची घेतली तर?" तिने पडल्या पडल्या विचारलं.

"हलकी पडेल. कुठे जाणार आहात?"

"उंचावरच्या खिंडीत. तिथे धुकं असतं म्हणतात, कपडे वाळत नाहीत."

"मग हीच घ्या. पिसं भिजली की चिकटून बसतात. ही भिजली तरी पिळा, झटका, पुन्हा फुगते. थोडं वजन जास्त वाहाल, पण रात्री कुडकुडणार नाही. फक्त घरी असताना कोंबून ठेवू नका आणि इस्त्री फिरवू नका."

"तुम्ही स्वतः झोपलाय हिच्यात?"

"झोपलोय."

"ओल्या हिच्यात?"

दुकानदार हसला. "ताई, तुम्ही पोलिसात आहात का?"

ती हसली नाही. पण तिने मला घेतलं.

आता तिच्या वडिलांबद्दल सांगते. घरात ती दोघंच. बाबांनी आयुष्यभर गाद्या आणि दुलया भरल्या. फोमच्या गाद्या आल्या तसं त्यांचं दुकान बंद पडलं, पण हातभर लांबीची सुई खिडकीच्या चौकटीला टोचलेली असायची. घरात नवी उशी आली, कोणी आहेर म्हणून रग दिला, तरी बाबांची एक रीत ठरलेली. चार बोटं शिवण उसवायची, आतलं चिमूटभर बाहेर काढायचं, चोळायचं, हुंगायचं. मगच ती वस्तू घरात राहायची.

मागच्या थंडीत माझ्या मालकिणीला न्यूमोनिया झाला होता. बाबा हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. त्या आजारातून उठल्यावरच तिने ठरवलं, खिंड चालून जायची. ज्यांच्याबरोबर जायचं त्या गटाची म्होरकी एक खमकी बाई होती. सगळे तिला कॅप्टन म्हणत. तिची अट होती, आधी जवळच्या टेकडीवर एक मुक्काम करून दाखवायचा. त्यात जो टिकेल तोच खिंडीत येणार. माझ्या मालकिणीला वरून खाली काय दिसतं याची फारशी पडलेली नव्हती. आपली छाती आता धड आहे, हे तिला स्वतःला पटवायचं होतं.

ती लॅबमध्ये गेली तशी बाबांनी मला मांडीवर घेतलं. उचलून पाहिलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"दुलई आहे का रुमाल?" ते माझ्याशीच बोलले.

मग सुई आली, कात्री आली. माझ्या छातीकडची शिवण उसवली गेली. त्यांनी माझे तंतू चिमटीत धरले, हुंगले आणि काडेपेटी घेऊन पेटवले. कापूस जळला की कागदासारखा वास येतो, मऊ राख पडते. मी वितळले. उग्र वास सुटला आणि बशीत एक काळा, टणक मणी उरला. बाबांनी तो नखाने टोकरला.

"प्लास्टिक," ते म्हणाले. "पोरीला प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवतोय मेला."

मला वाटलं, आता मी परत दुकानात. तसं झालं नाही. त्यांनी माळ्यावरून जुनं गाठोडं काढलं, त्यात त्यांचा राखून ठेवलेला चांगला कापूस होता. तो बोटांनी पिंजून त्यांनी माझ्यात भरला. छातीवर भरला, पावलांशी भरला. कडेने असे बारीक तिरपे टाके घातले की यंत्राने मान खाली घालावी. मला तेव्हाच हे बरं वाटलं नव्हतं. पण दुलईला कोण विचारतं?

टेकडीवर निघताना मालकिणीने मला हातात तोलून पाहिलं.

"बाबा, ही जरा जड वाटतेय का हो?"

"तुला सगळ्यातच काहीतरी वाटतं," बाबा पेपरात डोकं घालून म्हणाले.

टेकडीवर दिवसभर भुरभुर होती. तंबूत श्वासांची वाफ कापडावर जमून थेंब थेंब गळत होती. माझे तंतू ते पाणी फारसं धरून ठेवत नव्हते. पण तो कापूस! वर्षानुवर्षं तहानलेला असावा तसा तो पीत सुटला. बरोबर तिच्या छातीवर एक गार, लिबलिबीत गोळा येऊन बसला. तिने मला झटकलं, ओढलं, डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवायला गेली तर पायाकडची पिशवी आड आली. शेवटी अंगावर होते तेवढे कपडे चढवून ती उजाडायची वाट बघत बसली.

सकाळी कॅप्टनने तिचा खोकला ऐकला. मला हात लावला.

"ही छातीवर चिंब आहे. हिच्यात झोपलीस तू?"

"नवी आहे. दुकानदार म्हणाला होता..."

"दुकानदार येणार आहे का खिंडीत? हे बघ, तुझ्या आजाराचं तू मला खरं सांगितलंस म्हणून मी तुला घेतलं. तिथे तुला ताप भरला तर खाली आणायला दोन दिवस लागतात. दुलईचं बघ, खोकल्याचं बघ, मग पुन्हा एकदा चालून दाखव. नाहीतर घरीच बस. राग मानू नकोस."

मालकिणीने राग मानला नाही, निदान कॅप्टनचा तरी नाही. तो सगळा तिने दुकानदारासाठी राखून ठेवला.

"भिजली तरी फुगते म्हणालात ना?" तिने मला त्याच्या टेबलावर आपटलं. "फसवलंत मला. वर दिसायला एक आणि आत दुसरंच भरता तुम्ही लोक."

दुकानदारही काही कमी नव्हता. "ताई, गिऱ्हाइकं घरी इस्त्री मारतात, उकळत्या पाण्यात घालतात आणि येऊन आमच्या नावाने ओरडतात. काय केलंत हिचं?"

"काही केलं नाही!"

त्याने मला खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. सगळीकडून उजेड सारखा आरपार येत होता. छातीवर आणि पावलांशी मात्र काळपट ढग दिसत होते.

"हे आमचं नाही," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे मी भरलं?"

"उसवू?"

"उसवा. माझ्यासमोर उसवा."

त्याने कात्रीचं टोक घातलं. आतून ओलसर, पिवळट पडलेला कापूस बाहेर आला. आणि तिची नजर शिवणीवर गेली. ते बारीक तिरपे टाके. गाठ आतल्या बाजूला दडवलेली. तिच्या दप्तराला, उशीच्या अभ्र्याला, लहानपणीच्या प्रत्येक पांघरुणाला हेच टाके होते.

तिने त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मला माफ करा. मी उगाच बोलले." दुकानदाराने कापूस एका पिशवीत भरून दिला. कोणाचा, ते त्याने विचारलं नाही. तेव्हापासून त्या माणसाबद्दल माझं मत चांगलं आहे.

घरी बाबा खिडकीशी बसले होते.

"दिली का बदलून?"

"नाही. हा भराव आमचा नाही म्हणाला." तिने पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "बाबा, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग?"

"मग घालता आला नसता."

ती हसेल असं मला वाटलं. पण तिचा चेहरा रडवेला झाला. "तुमच्या कापसाने मला थंडी वाजली, बाबा."

ते ताठ झाले. "कापसाने? माझ्या कापसाने आजवर कुणाला थंडी वाजली नाही. लोकांची बाळंतपणं झाली माझ्या दुलयांत. तू त्या प्लास्टिकवाल्यावर विश्वास ठेवलास आणि मी..."

"कुणावरच ठेवू नका. तपासू या."

तिने दोन वाट्यांत पाणी आणलं. एकीत त्यांचा कापूस टाकला, दुसरीत माझ्यातले थोडे तंतू. दोन्ही त्यांच्याच हातांनी पिळायला लावले. मग त्यांचे डोळे मिटवून एक बोळा या गालावर, एक त्या गालावर धरला.

बाबांनी कापसाच्या बोळ्याकडचा गाल मागे घेतला. मग डोळे उघडून माझा बोळा त्यांनी तळहातावर घेतला. तो हळूहळू फुगत होता. कापूस दबून गोळा झाला होता.

"हे फुगतंय," ते म्हणाले.

"हो."

"पण जळतं मात्र वाईट."

"मी पेटवून घ्यायला नाही चाललेय, बाबा."

आता दोघंही हसले. हसता हसता बाबांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. "त्या बाकावर बसलो होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा तुझे पाय गार पडले होते. मला दुसरं काही येत नाही गं."

ती त्यांच्याजवळ खाली बसली.  बाबांनी मला पुढ्यात ओढलं, पावलांशी उरलेला कापूस एकेक पुंजका करून काढला आणि शिवण पुन्हा घातली. मी त्यांच्या बोटांवर डोळा ठेवून होते, खोटं कशाला सांगू? पण ओंजळ रिकामीच आत जात होती, भरून बाहेर येत होती.

पुढच्या मुक्कामाला पुन्हा भुरभुर झाली. मी भिजले, तिने मला पिळलं, झटकलं, पांघरलं आणि घोरली. कॅप्टन म्हणाली, "खोकतेयस का ते बघायला आले होते. तू तर सगळ्यांची झोप उडवलीस!" आणि यादीत तिचं नाव राहिलं.

आज आम्ही खिंडीकडे निघालोय. दाराशी सॅक उभी आहे, बाहेर गाडी आली आहे. मालकिणीने मला हातात घेतलं आणि मग बाबांपुढे धरलं.

"बघायचंय का एकदा? उसवून?"

बाबांचा हात पुढे आला. शिवणीपाशी थांबला. तुम्हाला सांगते, माझं सगळं अंग आखडलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तू बघितलंयस ना?"

"नाही," ती म्हणाली. "मीपण नाही बघितलं."

कोणी न चाचपता, उजेडात न धरता मला सॅकमध्ये ठेवलं, असं हे पहिल्यांदाच. बाबा सॅकचा पट्टा तिच्या खांद्यावर नीट बसवताहेत आणि "टोपी घातलीस का, टोपी?" म्हणून विचारताहेत. दार उघडलंय.

तुम्ही कधी माझ्यासारखी एखादी घ्यायला गेलात, तर तिच्यावर संशय जरूर घ्या. झोपून बघा, कूस बदलून बघा, दुकानदाराला छळा. फक्त घरच्या माणसाबद्दल काळजी वाटली, शंका आली, तर ती माझ्या पोटात भरून शिवू नका. मला ते सोसत नाही. त्याच्यासमोर बसा आणि विचारा. बरंय, येते मी.