बुद्धघोषला बसवताना

१९९७ साली इंदापूरच्या बुद्धघोषला ताप येऊन गेला आणि मागोमाग त्याचे दोन्ही पाय लुळे पडले. मज्जातंतूंना सूज आलीय, सावकाश सुधारेल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी बायको प्रियदर्शनी त्याला भरवायची, पुसायची, कूस बदलून द्यायची. पायांचे व्यायाम घ्यायला बारामतीहून उत्कर्षा ही फिजिओथेरपिस्ट येऊ लागली.

एका दुपारी उत्कर्षाच्या हातात असतानाच त्याच्या पायाचा अंगठा हलला. "ताई, हलला!" तो ओरडला. चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या बायकोकडं त्यानं पाहिलंही नाही.

"लई गुणाची पोर हाय," प्रियदर्शनीची सासू अक्काबाई म्हणाली. प्रियदर्शनीनं चहा तसाच चुलीवर नेऊन ठेवला.

जाताना उत्कर्षानं बजावलं, "यांना एकदम बसवू नका. आपण उठलो की रक्त पायांकडं उतरतं. तेव्हा मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून डोक्याला रक्त पुरतं. यांचे तंतू ते काम अजून नीट करत नाहीत. घेरी आलीच तर आडवं करा, पाय वर घ्या."

हिलाच सगळं कळतं, असं मनात म्हणत प्रियदर्शनी चादरीची घडी घालत राहिली.

पुढच्या खेपेला एस.टी. बंद होती, उत्कर्षा आली नाही. प्रियदर्शनीला बरंच वाटलं. ती येण्याआधी आपणच यांना बसवायचं, असं ठरवून तिनं नवऱ्याला काखेत हात घालून उठवलं. तो हसला. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला, मान लुळी झाली.

अक्काबाई तांब्या घेऊन धावली. "पाणी पाज!"

"नको आत्या, घशात अडकंल!" प्रियदर्शनीनं त्याला आडवं केलं, दोन्ही पाय आपल्या खांद्यावर घेतले. हळूहळू त्यानं डोळे उघडले.

उत्कर्षा आली तेव्हा प्रियदर्शनीनं सगळं सांगून टाकलं. "चूक माझी हाय. पन आता मला शिकवा. तुमचं येनं बंद व्हायच्या आत सगळं शिकवा."

उत्कर्षानं तिचे हात धरून बुद्धघोषच्या गुडघ्याखाली ठेवले. "इथून सुरुवात."

थंडी पडली तोवर बुद्धघोष काठीनं चालायला लागला. उत्कर्षाताईंना दाखवून येतो, म्हणाला. प्रियदर्शनीनं ठेवणीतली साडी नेसली, त्याच्याबरोबर बारामतीला गेली आणि दवाखान्यातल्या बाकावर नवरा आणि उत्कर्षा यांच्या मधोमध बसली.